कॅशबॅक की हवाई मैल: वर्षभराच्या हिशेबाच्या नोंदी

४ जानेवारी

घरातला जवळजवळ सगळा खर्च क्रेडिट कार्डावरून होतो आणि बिल दर महिन्याला शेवटच्या पैशापर्यंत भरलं जातं. त्या खर्चावर मिळणारा लाभ रोख घ्यावा की विमानाच्या मैलांत, म्हणजे पुढे विमानाच्या तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांत, हे वर्षभर मोजून ठरवायचं आहे. जाहिरातीतले आकडे आणि लोकांचे अनुभव यांवरून आजवर काहीच ठरलं नाही, कारण प्रत्येक जण आपल्या सर्वांत चांगल्या तिकिटाचीच गोष्ट सांगतो. म्हणून या नोंदी.

ज्यांची थकबाकी पुढच्या महिन्यात जाते त्यांच्यासाठी हे काम नाही. कार्डाचं व्याज बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन आकडी टक्क्यांत असतं आणि इथे आपण एक-दोन टक्क्यांची झटापट करणार आहोत. आधी ती थकबाकी संपवा.

आकडे कुठल्याही चलनात देत नाही. एका सरासरी महिन्याचा एकूण खर्च ४,००० धरला आहे आणि बाकी सगळं त्या मापात. तुमचा महिन्याचा खर्च भागिले ४,००० केलं की तुमचा गुणक मिळेल.

तुलनेसाठी तीन कार्डं घेतली आहेत. त्यांना अशी नावं दिली:

सपाट कार्ड: सगळ्या पात्र खर्चावर १.५ टक्के रोख परत, वार्षिक फी नाही.

गटाचं कार्ड: किराणा, हॉटेलातलं खाणं आणि इंधन यांवर ५ टक्के, महिन्याला कमाल ६०. त्या महिन्यात किमान ८०० खर्च झाला नाही, किंवा खर्च गटाबाहेरचा असला, तर फक्त ०.३ टक्के.

मैलाचं कार्ड: खर्चलेल्या प्रत्येक १ ला १ मैल, परदेशी चलनात २ मैल. वार्षिक फी १२०, पहिल्याच बिलात कापली गेली.

तुमच्याकडे हे दर खूप वेगळे असू शकतात. हा लाभ मुख्यतः दुकानदाराच्या बँकेकडून कार्डाच्या बँकेला जाणाऱ्या इंटरचेंज शुल्कातून निघतो. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने वैयक्तिक क्रेडिट कार्डांवर हे शुल्क ०.३ टक्क्यांवर बांधलं, तेव्हा तिथली उदार कार्डं आटली. त्यामुळे इथली पद्धत घ्या, माझे दर घेऊ नका.

१२ जानेवारी

पहिला तक्ता मांडला. त्यात मैलांसाठी एक ठरावीक किंमत टाकायची होती. ती कुठून आणायची, यात दोन संध्याकाळी गेल्या. कोणी हजार मैलांना १० धरतं, कोणी २५. जो आकडा टाकावा तसा निकाल येतो, म्हणजे तक्ता काहीच सांगत नाही.

शेवटी प्रश्न उलटा केला. मैल किती मोलाचे आहेत ते राहू दे, ते मला कितीला पडतात? मैलाचं कार्ड पुढे केलं की त्या खर्चावरची रोख रक्कम मी सोडते. ती सोडलेली रोख हीच मैलांची खरेदी किंमत. १,००० खर्चावर सपाट कार्डाने १५ दिले असते, मैलाच्या कार्डाने १,००० मैल दिले. म्हणजे हजार मैल १५ ला विकत घेतले. हा आकडा अंदाजाचा नाही, दोन्ही बाजू नियमावलीत लिहिलेल्या आहेत. यापुढे सगळा हिशेब ‘हजार मैल कितीला पडले’ याच मापात.

वार्षिक फीही लगेच हिशेबात धरली. वर्षाचा खर्च ४८,०००, सोडलेली रोख ७२०, फी १२०, मैल ४८,०००. हजार मैल १७.५ ला.

२ फेब्रुवारी

पहिलं स्टेटमेंट आलं. ४,००० खर्च, मैल ३,०८० च्या आसपास. जवळजवळ एक चतुर्थांश गायब.

दोन कारणं निघाली. पहिलं, विमा, कर, वीज-पाण्याची बिलं आणि ई-वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर लाभ नाही. माझ्या खर्चात हा वाटा १८ टक्के आहे. सपाट कार्डही हेच प्रकार वगळतं, म्हणून दोन्हीकडे सारखाच फटका.

दुसरं कारण फक्त मैलांच्या बाजूला आहे आणि ते नियमावलीत एका ओळीत दडलेलं होतं: मैल प्रत्येक पूर्ण ५ च्या टप्प्यावर मिळतात आणि हा हिशेब दर व्यवहाराला वेगळा होतो. ९.८० चा खर्च म्हणजे ५ मैल. ४.९० चा खर्च म्हणजे शून्य. सरासरीने प्रत्येक व्यवहारात अर्धा टप्पा, म्हणजे २.५ बुडतो. पात्र व्यवहार महिन्याला ८० च्या आसपास असतील तर २०० चा खर्च मैलांविना गेला. रोख लाभ मात्र शेवटच्या पैशापर्यंत मोजून येतो.

टप्पा किती मोठा आहे आणि तुमचा सरासरी व्यवहार केवढा आहे, हे भागून पाहा. ज्यांचे व्यवहार बारीकसारीक आणि पुष्कळ आहेत त्यांना हे छिद्र खर्चाच्या दहाव्या भागाएवढंही पडू शकतं.

नवा हिशेब: वर्षाला रोख ५९० सोडली, फी १२०, मैल ३७,०००. हजार मैल १९.२ ला.

१९ फेब्रुवारी

तक्त्याची रचना बदलली. महिन्याची एकूण बेरीज घेऊन भागणं आता पुरत नाही. प्रत्येक व्यवहाराची एक ओळ, आणि त्या ओळीवर तीन रकाने: हाच खर्च सपाट कार्डावर, गटाच्या कार्डावर आणि मैलाच्या कार्डावर केला असता तर काय मिळालं असतं. मागच्या दोन महिन्यांच्या ओळी भरायला शनिवार-रविवार गेला. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून हीच रचना ठेवा.

ओळी भरताना गटाच्या कार्डाचं चित्र स्पष्ट झालं. गटातला माझा खर्च महिन्याला साधारण १,५०० आहे. ५ टक्क्यांची ६० ची मर्यादा १,२०० खर्चावर संपते. म्हणजे त्या १,२०० ला मैलाचं कार्ड पुढे करणं म्हणजे हजार मैल ५० ला घेणं. उरलेल्या खर्चावर मात्र तोच भाव १५. एकाच महिन्यात, एकाच पाकिटातून, तेच मैल तिप्पट-चौपट महाग. ‘कॅशबॅक चांगलं की मैल’ हा प्रश्न कार्डागणिक विचारून उपयोग नाही; तो प्रत्येक स्वाइपला विचारावा लागतो.

कागदावर गट आणि सपाट मिळून महिन्याला ६० + ३१.२ = ९१.२ होतात, वर्षाला १,०९४. एकट्या सपाट कार्डाचे ५९० होते.

आजपासून ठरवलं: गटाचा खर्च १,२०० पर्यंत गटाच्या कार्डावर, बाकी सपाटवर. मैलाचं कार्ड हा महिना संपला की बाजूला. तक्त्यातले त्याचे रकाने भरणं मात्र चालू राहील, नाहीतर तुलना थांबेल.

९ मार्च

कागदावरचे ६० हातात आले नाहीत. गटातला खर्च पुरेसा होता, तरी जमा फक्त ४१.

या भानगडीचा छडा लावायला आठवडा लागला, आणि जे कळलं ते प्रत्येकाने आधी वाचावं असं आहे. खर्च किराण्याचा आहे की नाही हे बँक तुमची पिशवी पाहून ठरवत नाही. प्रत्येक दुकानाला चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड असतो आणि तो दुकानदाराची बँक देते, तुमची नाही. ५४११ म्हणजे किराणा व सुपरमार्केट, ५८१२ उपाहारगृहं, ५८१४ फास्ट फूड, ५५४१ आणि ५५४२ इंधन. पण मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या आतल्या किराणा विभागात घेतलेल्या वस्तूंवर ५३११ येऊ शकतो. निवासी हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटचं बिल ७०११ खाली म्हणजे निवासात जातं. ऑनलाइन मागवलेल्या जेवणावर तर मधल्या पेमेंट कंपनीचा भलताच कोड दिसतो.

माझ्या बँकेच्या ॲपमध्ये कोड दिसत नाही. हेल्पलाइनवर व्यवहाराची तारीख आणि रक्कम सांगितली की सांगतात. मी नेहमीच्या सगळ्या ठिकाणी एकेक छोटी खरेदी केली, मग एकाच फोनमध्ये सगळे कोड विचारून घेतले आणि तक्त्यात वेगळ्या पानावर लिहून ठेवले. या पानामुळे पुढच्या महिन्यांत जितका फायदा होईल तितका दुसऱ्या कशानेच होणार नाही, असं वाटतं.

दुसरी गळती तारखांची. मर्यादा आणि किमान खर्च दोन्ही स्टेटमेंटच्या महिन्यानुसार मोजले जातात, आणि त्यातही व्यवहाराची तारीख धरत नाहीत, तो खात्यावर नोंदला जाण्याची तारीख धरतात. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतले व्यवहार पुढच्या महिन्यात जाऊन पडले. आता स्टेटमेंटच्या आधीचे चार दिवस गटाचं कार्ड वापरत नाही.

३० मार्च

छोटी नोंद. परत केलेल्या वस्तूचे पैसे आले आणि त्यावरचा लाभ कापला गेला, हे रास्तच. पण परताव्यामुळे त्या महिन्याचा एकूण खर्च किमान ८०० च्या खाली गेला असता तर सगळ्या महिन्याचे ५ टक्के गेले असते. थोडक्यात बचावलं. मोठी आणि परत जाण्याची शक्यता असलेली खरेदी सपाट कार्डावर करावी.

२० एप्रिल

आतापर्यंत खरेदीची बाजू झाली. आज विक्रीची: मैल देऊन तिकीट घेतलं तर हजार मैलांना काय भाव मिळतो?

साधं सूत्र सगळीकडे दिलेलं असतं. रोख भाड्यातून मैलांच्या तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करा, उरलेल्याला मैलांनी भागा. आम्हाला खरंच जायचं होतं त्या लांबच्या प्रवासाचं इकॉनॉमीचं भाडं ६२०. मैलांत २५,००० आणि वर १७० कर व अधिभार. (६२० − १७०) ÷ २५ = १८. हजार मैलांना १८.

हे सूत्र अपुरं आहे. रोख तिकीट काढलं असतं तर त्या प्रवासाचे मैल जमा झाले असते, इथे अंदाजे १,५००. मैलांच्या तिकिटावर सहसा ते मिळत नाहीत. शिवाय जे ४५० रोख भरावे लागले नाहीत त्यावरचा सपाट कार्डाचा लाभ, ६.७५, तोही गेला. हे दोन्ही धरून (४५० − ६.७५) ÷ २६.५, म्हणजे १६.७.

१९.२ ला घेतलेले मैल १६.७ ला विकायचे. तिकीट रोखीने काढलं.

११ मे

१७० चे कर एवढे कसे, ते तिकिटाचा तपशील उघडून पाहिलं. त्यात सरकारी कर आणि विमानतळ शुल्क कमी होतं. मोठा आकडा होता वाय-क्यू या सांकेतिक अक्षरांपुढे. वाय-क्यू आणि वाय-आर म्हणजे विमान कंपनीने स्वतः लावलेला अधिभार, लोक त्याला इंधन अधिभार म्हणतात. तो खरं म्हणजे भाड्याचाच भाग आहे, फक्त नाव वेगळं. त्यामुळे ‘तिकीट फुकट’ हे शब्द इथे मुळीच लागू नाहीत.

विमान कंपन्यांचे सगळेच मैलांचे कार्यक्रम तो प्रवाशाकडून घेत नाहीत. युनायटेडचा मायलेजप्लस आपल्या मैलांच्या तिकिटांवर हा अधिभार लावत नाही; ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या उड्डाणांवर तो भरघोस असतो. एकाच विमानातली एकच खुर्ची दोन वेगवेगळ्या कार्यक्रमांतून घेतली तर मैल वेगळे आणि रोख रक्कमही वेगळी. म्हणून तक्त्यात आता दर खुर्चीला कार्यक्रमाचं नाव हा रकाना वाढवला. ज्यांचे पॉइंट्स (कार्डाचे मैल विमान कंपनीकडे वळवेपर्यंत बँकेच्या खात्यात पॉइंट्स म्हणून असतात) एकाहून जास्त विमान कंपन्यांकडे वळवता येतात त्यांचा खरा फायदा इथे आहे, आणि ज्यांचं कार्ड एकाच कंपनीशी बांधलेलं आहे त्यांना तो नाही.

१४ जून

बिझनेस क्लासचा हिशेब. मैलांच्या बाजूने सगळ्यात जोरदार बोललं जातं ते इथे, म्हणून वेळ देऊन केला.

भाडं ३,०००, मैल ७०,०००, कर ३००. २,७०० ÷ ७० = ३८.६. खरेदी भावाच्या दुप्पट! पण हे ३,००० मी कधीच भरले नसते. त्या खुर्चीसाठी खिशातून जास्तीत जास्त किती काढले असते, हे घरात दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहिलं. एकाने १,००० लिहिले, दुसऱ्याने १,२००. मधला आकडा १,१०० धरला. (१,१०० − ३००) ÷ ७० = ११.४.

या मुद्द्यावर माझं मत ठाम आहे. न भरलेल्या भाड्याची बचत मोजता येत नाही. ज्यांची कामं अशी आहेत की ते बिझनेस क्लासचं भाडं खरंच भरतात, त्यांनी ३८.६ धरावा आणि मैलच घ्यावेत. बाकीच्यांनी आधी स्वतःचा आकडा कागदावर लिहावा आणि मगच भागाकार करावा. आणि तोही खुर्ची शोधण्यापूर्वी लिहावा, कारण एकदा मोकळी खुर्ची दिसली की तो आकडा आपोआप वाढतो.

खुर्ची मिळण्याचा प्रश्नही आहेच. मैलांसाठी राखलेल्या खुर्च्या वेगळ्या वर्गात असतात. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या युतीत भागीदार कंपनीच्या मैलांवर इकॉनॉमीला एक्स, बिझनेसला आय, फर्स्टला ओ. ती अक्षरं त्या तारखेला शून्य दाखवत असतील तर विमान अर्धं रिकामं असलं तरी खुर्ची नाही. आम्हाला सोयीच्या आठवड्यात एकही आय नव्हती. वेळापत्रक साधारण अकरा महिने ते वर्षभर आधी उघडतं, तेव्हा किंवा मग प्रवासाच्या अगदी तोंडावर खुर्च्या सापडतात. ज्यांच्या सुट्ट्या बांधलेल्या आहेत त्यांच्यासाठी दोन्ही अवघड.

५ जुलै

मैल साठवून ठेवले तर? आज तोच रकाना भरला.

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला ॲडव्हान्टेज हा आपला मैलांचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा मैल म्हणजे उडालेलं अंतर होतं. डेल्टाने जानेवारी २०१५ पासून आणि युनायटेडने मार्च २०१५ पासून कमाई भाड्याच्या रकमेशी जोडली. त्याच वर्षी डेल्टाने कुठल्या प्रवासाला किती मैल लागतात याचे तक्ते काढून टाकले. युनायटेडने २०१९ मध्ये. तक्ता गेला की तिकिटाला लागणारे मैल रोज बदलू शकतात, आणि साठवणाऱ्याच्या हातात कुठलीच हमी राहत नाही.

मुदतीचे नियम तर कार्यक्रमागणिक बदलतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये मैल तीन वर्षांनी बाद होतात. एव्हिओसला, म्हणजे ब्रिटिश एअरवेजच्या मैलांना, ३६ महिने खात्यात काहीच हालचाल नसली तर. डेल्टा आणि युनायटेडचे मैल संपत नाहीत. आणि कंपनीच बुडाली तर मुदतीला काही अर्थ नाही: एअर बर्लिनने ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर टॉपबोनस या तिच्या मैलांच्या कार्यक्रमाच्या सदस्यांना मैल वापरता येईनासे झाले. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमानं जमिनीवर आली. तिचा मैलांचा कार्यक्रम वेगळी कंपनी असल्याने तगला, पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले होते ती उरली नाहीत.

रोख रक्कम बिलातून वजा होते तेव्हा तिचं काम संपतं. मैल मात्र हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्यासारखे आहेत. म्हणून तक्त्यात एक कापणी घातली: वर्षभर पडून राहिलेल्या मैलांची किंमत १० टक्क्यांनी कमी. हा आकडा माझ्या मनाचा आहे, त्याला आधार नाही. पण शून्य धरणं नक्की चूक ठरेल.

पॉइंट्स बँकेच्या खात्यातच ठेवायचे, हेही आज पक्कं केलं. एकदा विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत.

२३ ऑगस्ट

परदेशात ३,००० चा खर्च झाला आणि त्यासाठी मैलाचं कार्ड मुद्दाम बाहेर काढलं. दर १ ला २ मैल, म्हणजे ६,०००.

याचा भाव काढताना तुलना कशाशी करायची हे पाहावं लागतं. मैलाचं कार्ड परकीय चलनावर ३ टक्के शुल्क घेतं. सपाट कार्डही तेवढंच घेतं आणि १.५ टक्के परत देतं. पण माझ्याकडे एक शुल्कमुक्त कार्ड आहे ज्यावर लाभ काहीच नाही, आणि तेच खरं पर्यायी कार्ड. ३,००० वर शुल्क ९०, मैल ६,०००. हजार मैल १५ ला. वर्षातला हा सगळ्यात स्वस्त भाव, आणि तरीही फुकट नाही.

परदेशात एक सावधानता: यंत्र तुमच्या देशाच्या चलनात पैसे भरायचा पर्याय देतं. तो घेतला की विनिमय दर दुकानाच्या बाजूचा लागतो, वर हा खर्च परकीय चलनातला धरला जात नाही आणि दुप्पट मैल जाऊ शकतात. नेहमी स्थानिक चलन निवडायचं. एका ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने न विचारता बटण दाबलं. तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावला.

१८ ऑक्टोबर

मैल खर्च झाले. गर्दीच्या हंगामात, ऐनवेळी, जवळचं उड्डाण. जावंच लागणार होतं आणि रोख भाडं चढून ४१० झालं होतं. मैलांत १०,००० आणि कर ३०. (४१० − ३०) ÷ १० = ३८. खुर्ची मोकळी होती.

खात्यात १२,१०० च्या आसपास पॉइंट्स होते, पण वळवायचे ते ५,००० च्या ढिगातच, आणि दर वळवणीला २५ शुल्क. १०,००० वळवले. ॲपवर ‘तात्काळ’ लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात पॉइंट्स पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर ती खुर्ची गेली होती. सुदैवाने त्याच दिवशी संध्याकाळच्या उड्डाणात त्याच मैलांत दुसरी मिळाली. काही कार्यक्रम फोनवर खुर्ची एक-दोन दिवस रोखून ठेवतात. वळवण्याआधी तो फोन करावा.

ढीग आणि शुल्क धरून वर्षभराचा सैद्धांतिक भावही सुधारला. सगळा खर्च मैलाच्या कार्डावर केला असता तर ३७,००० पैकी ३५,००० वळवता आले असते: (५९० + १२० + २५) ÷ ३५ = २१. जानेवारीत कागदावर १५ होते.

६ डिसेंबर

मैलाच्या कार्डाची पुढच्या वर्षाची फी येणार म्हणून हेल्पलाइनला फोन केला. फी माफ करायला नकार मिळाला. ‘मॅडम, फी भरलीत तर तुम्हाला ५,००० पॉइंट्स बोनस देतो’ असं सांगितलं. १२० ला ५,०००, म्हणजे हजार मैल २४ ला. वर्षभराच्या २१ च्या सैद्धांतिक भावापेक्षाही महाग. नाही म्हटलं.

कार्ड बंद करण्याआधी उरलेल्या २,१०० पॉइंट्सचं काय, ते विचारलं. ५,००० च्या ढिगात बसत नाहीत, कार्ड बंद झालं की रद्द. बिलातून वजा करून घेण्याची सोय मेनूत तीन पायऱ्या आत सापडली, हजाराला ५ या भावाने. १० जमा झाले. मग कार्ड बंद केलं आणि बंद झाल्याचं पत्र मागवून घेतलं.

४ जानेवारी

वर्षाचा ताळा.

मैलांची बाजू: जानेवारी-फेब्रुवारीत सोडलेली रोख १५८ (गट आणि सपाट यांच्या प्रत्यक्ष सरासरीने, महिन्याला ७९), फी १२०, परदेशी शुल्क ९०, वळवणी २५. एकूण खर्च ३९३. मिळालं काय: एका तिकिटाचे ३८०, त्यातून त्या रकमेवरचा बुडालेला रोख लाभ ६ वजा, आणि शेवटचे १०. म्हणजे ३८४. वर्षातली सगळ्यात चांगली खुर्ची मिळूनही ९ ने उणे. फी सर्वांत जड पडली. १२,००० मैलांवर १२० म्हणजे हजाराला १० फक्त फीचे. वर्षभर सगळाच खर्च या कार्डावर केला असता तर फीचा भार पातळ झाला असता, पण मग ३५,००० मैल एप्रिलमधल्या १६.७ च्या भावाने ५८४ चे, त्यातून फी आणि वळवणीचे १४५ गेले की ४३९. त्याच खर्चावर गट आणि सपाट मिळून वर्षाला ९४८ देतात.

ऑक्टोबरसारखी खुर्ची दरवेळी मिळाली असती तर निकाल उलटा लागला असता. ज्यांना वर्षात तीन-चार वेळा ऐनवेळी महागडं तिकीट काढावंच लागतं, त्यांनी हा तक्ता आपल्या आकड्यांनी पुन्हा भरावा. त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येण्याची बरीच शक्यता आहे.

रोख बाजू: मार्च ते डिसेंबर मिळून साधारण ७९० जमा. कागदावरच्या ६० ऐवजी गटाच्या कार्डाने महिन्याला सरासरी ४८ दिले. मार्चनंतर कोडांचं पान वापरात आल्यावर ते ५० च्या वर गेले. कमी पडलेले महिने बहुतेक प्रवासाचे.

ज्यांना तक्ता हवा त्यांच्यासाठी रकाने असे: नोंदणीची तारीख, दुकानाचा कोड, रक्कम, सपाटवर मिळणारे, गटावर मिळणारे (मर्यादा उरली आहे का पाहून), मैल (टप्प्याने खाली गोल करून), आणि शेवटी त्या ओळीपुरता हजार मैलांचा भाव. वेगळ्या पानावर खुर्च्या: कार्यक्रम, रोख भाडं, आपण खरंच भरलं असतं ते भाडं, मैल, कर व अधिभार, बुडालेले मैल.

गटाच्या कार्डाची नवी नियमावली काल आली. फेब्रुवारीपासून महिन्याची मर्यादा ६० वरून ५०. म्हणजे ५ टक्के आता १,००० खर्चापर्यंतच. पुढच्या वर्षाच्या पानावर तो आकडा बदलला. कागदावरचं महिन्याचं उत्पन्न ९१.२ वरून ८४.२ वर आलं.